शेरा : एक दुर्लक्षित गद्यप्रकार

मराठी समीक्षेने काव्य, कादंबरी, नाटक, निबंध यांची गुणदोषचर्चा विपुल केली. पत्रे आणि रोजनिशी यांनाही तिने हळूहळू वाङ्मयाच्या पंक्तीत पाट मांडून दिला. परंतु महाराष्ट्रात जे गद्य रोज सर्वाधिक हातांनी लिहिले जाते, आणि ज्याचा परिणाम वाचकाच्या आयुष्यावर कदाचित सर्वांत खोल होतो, त्याकडे समीक्षेचे लक्ष गेलेले दिसत नाही. हे गद्य म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्याच्या वहीत, समासात किंवा पानाच्या तळाशी, लाल शाईने लिहिलेला शेरा. त्याची लांबी बहुधा एक ते पाच शब्दांची असते. त्याचा वाचक एकच, आणि तोही आठ-दहा वर्षांचा. लेखकाचे नाव नसते. केवळ आद्याक्षरांची एक वळणदार खूण असते. असे असूनही ह्या गद्याला स्वतःची परंपरा आहे, ठराविक शब्दसंपदा आहे, आणि इतर कोणत्याही गद्याप्रमाणे त्यात चांगले-वाईट असा भेद करता येतो. प्रस्तुत लेखात हा भेद कोणत्या निकषावर करावा याचा विचार गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी ह्या तालुक्याच्या भाषिक परिस्थितीच्या संदर्भात केला आहे. तालुका निवडण्याचे कारण पुढे ओघात स्पष्ट होईल.

प्रथम शब्दाविषयी. 'शेरा' हा शब्द शाळेत दफ्तरातून आला. अर्जावर अधिकारी शेरा मारतो, आणि त्या शेऱ्याने अर्जाचा निकाल लागतो. मराठीत अभिप्राय 'देतात', सल्ला 'देतात', सूचना 'करतात'; शेरा मात्र 'मारतात'. ह्या क्रियापदात त्या प्रकाराचा सारा स्वभाव उतरला आहे. अर्जावरील शेऱ्यानंतर अर्जदाराने करण्यासारखे काही उरत नाही, प्रकरण मिटते. वहीतील शेऱ्याचे प्रयोजन नेमके उलट असावयास हवे, कारण तेथे प्रकरण तेव्हाच सुरू व्हावयाचे असते. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी ह्यासाठी 'प्रत्याभरण' असा एक शब्द घडविला. तो निर्दोष आहे आणि निर्जीवही आहे. कोणत्याही शिक्षकाच्या तोंडी तो सहजपणे आलेला आढळणार नाही. तेव्हा शब्द जुनाच ठेवून त्याचा दफ्तरी अर्थ तेवढा काढून टाकता येतो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. ह्या एकाच जिल्ह्यात दोन अर्जुनी आहेत. एक मोरगावच्या जोडीने अर्जुनी मोरगाव म्हणून ओळखली जाते. दुसरी मुंबई-कोलकाता महामार्गावरची, म्हणून सडक अर्जुनी. सडकेच्या दोन्ही अंगांना धानाची बांधी, मालगुजारीच्या काळातील तलाव आणि बोड्या, त्यापलीकडे नवेगावच्या जंगलाची किनार, असा हा मुलूख. चूलबंद नदी ह्याच भागातून पुढे साकोलीकडे आणि अखेरीस वैनगंगेकडे जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांचा जो पट्टा झाडीपट्टी म्हणून प्रसिद्ध आहे त्यात हा तालुका मोडतो, आणि येथील घरांत जी मराठी बोलली जाते तिला झाडीबोली असे नाव आहे. तिच्या जोडीला गोंडी, पोवारी आणि हिंदी ह्या भाषाही जिल्ह्याच्या कानावर सतत पडत असतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास आणि तिचा शब्दकोश यांसाठी आयुष्य वेचले. त्यांच्या श्रमांमुळे ही बोली म्हणजे अडाण्यांनी मोडलेली पुण्याची मराठी होय, हा समज निदान विद्यापीठांतून तरी मावळला. शाळेतून तो मावळला आहे असे म्हणणे कठीण आहे.

झाडीबोलीत 'ण', 'ळ', 'श' ह्या ध्वनींना स्थान नाही. 'ण'च्या जागी 'न' येतो, 'ळ'च्या जागी 'र', 'श'च्या जागी 'स'. डोळा हा 'डोरा' होतो, पाणी हे 'पानी' होते. हे बदल लहरीने होत नाहीत, नियमाने होतात. आता ह्या तालुक्यातील चौथीच्या वर्गात 'आमचे गाव' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला आहे, आणि एका मुलाने असे वाक्य लिहिले आहे, असे समजू :

'बोडीचे पानी आटले म्हनून धान वारले.'

लाल शाईच्या दृष्टीने ह्या सहा शब्दांच्या वाक्यात तीन चुका आहेत. 'पानी', 'म्हनून' आणि 'वारले' ह्या तीन शब्दांभोवती वर्तुळे पडतील, आणि तळाशी शेरा येईल : 'शुद्धलेखन सुधारा.' शेरा खोटा नाही. तो व्याकरणसंमत आहे, अनुभवसिद्ध आहे आणि बहुधा सद्भावनेने लिहिलेला आहे. तथापि गद्य म्हणून तो निकृष्ट आहे, आणि तो का निकृष्ट आहे हे नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, ह्या शेऱ्यात माहिती नाही. काय सुधारावयाचे हे त्यात नाही, कसे सुधारावयाचे हेही नाही. वर्तुळांनी जागा दाखविल्या, पण तीन वर्तुळे पाहून मुलाची समजूत अशी होते की आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी चुकलो. वस्तुतः तो दोनच नियमांनी चालला आहे, आणि ते दोन्ही नियम त्याने अचूक पाळले आहेत. त्याचा कान प्रामाणिक आहे. जे ऐकू येते ते तो लिहितो. लेखन शिकणाऱ्या मुलाकडून याहून अधिक काय अपेक्षावे? ब्रिटनमधील भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 साली लिहिलेल्या एका निबंधात शिकणाऱ्याच्या चुकांचे दोन वर्ग केले : एक, दमल्यामुळे किंवा अनवधानाने होणारे स्खलन, दुसरा, शिकणाऱ्याच्या मनातील नियमव्यवस्थेतून नेमाने निघणारी चूक. पहिल्या वर्गाला शिक्षकाने फारसे महत्त्व देऊ नये. दुसरा वर्ग मात्र शिक्षकाचे खरे भांडवल आहे, कारण विद्यार्थी कोठे उभा आहे हे त्यातूनच कळते. वरील वाक्यातील तिन्ही चुका दुसऱ्या वर्गातील आहेत. 'शुद्धलेखन सुधारा' हा शेरा त्यांना पहिल्या वर्गात लोटतो, म्हणजे निष्काळजीपणाच्या खात्यावर मांडतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'वारले' ह्या शब्दाला प्रमाण मराठीत स्वतंत्र अर्थ आहे. तो माणसाच्या मृत्यूविषयी, आणि तोही आदराने, वापरावयाचा शब्द आहे. मुलाला 'वाळले' म्हणावयाचे आहे. त्याच्या घरी दोन्ही अर्थ प्रसंगावरून सहज वेगळे होतात. कागदावर मात्र प्रसंग सोबत येत नाही. शुद्धलेखनाची गरज पटवून देण्यासाठी याहून नेमके उदाहरण शिक्षकाने शोधूनही मिळाले नसते, आणि ते मुलाने आपण होऊन त्याच्या हाती दिले आहे. लाल वर्तुळाने ती संधी वाया घालविली. त्याऐवजी शेरा असा असता : 'आपण घरी बोलताना वारले म्हणतो. पुस्तकात त्याला वाळले लिहितात. पुस्तकातल्या वारलेचा अर्थ वेगळा आहे. तो उद्या शोधून सांग.' ह्यात एकही शब्द लाडिक नाही. चूक झाकलेली नाही. तरीही मुलाला दोन भाषारूपांमधील वाट कोठून जाते हे दाखविले आहे आणि त्या वाटेने एक पाऊल टाकण्याचे काम दिले आहे.

तिसरी गोष्ट वर्तुळांच्या बाहेर आहे, म्हणूनच ती दृष्टीआड होते. हे वाक्य कार्यकारणाचे आहे. चौथीतील मुलाने बोडी आणि पीक यांचा संबंध 'म्हनून' ह्या एका अव्ययाने जोडला आहे. तलावांवर शेती उभी असलेल्या मुलखातील सारा इतिहास त्या जोडणीत आहे. नवेगावचा बांध ज्या कोहळी समाजाने बांधला त्याची विद्या मुळात हीच होती. निबंधाच्या दृष्टीने वाक्याचा सर्वांत मोलाचा शब्द 'म्हनून' हा होय, आणि त्यावर मिळालेली एकमेव प्रतिक्रिया म्हणजे त्याच्या 'न'भोवतीचे वर्तुळ!

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. बोलीचे कौतुक करणे सोपे आहे. पण ह्याच मुलाला पुढे मंडळाची परीक्षा द्यावयाची आहे, नोकरीचा अर्ज लिहावयाचा आहे, नागपूरला किंवा पुण्याला जाऊन बोलावयाचे आहे. तेथे 'पानी' लिहिणाऱ्याला कोणी भाषाशास्त्र विचारीत नाही. आक्षेप खरा आहे. बोलीचे अनेक पुरस्कर्ते हा प्रश्न हसण्यावारी नेतात, आणि त्यांची स्वतःची मुले मात्र प्रमाण भाषेत तरबेज असतात, हेही लपलेले नाही. प्रमाण लेखन शिकविलेच पाहिजे. ते न शिकविणे हा गरिबाच्या मुलाशी केलेला द्रोह ठरेल. वाद शिकविण्याविषयी नाही. शेरा वाचून ते शिकले जाते का, एवढाच प्रश्न आहे. ज्या मुलाला वर्षानुवर्षे वही भरून लाल वर्तुळे मिळतात ते प्रमाण भाषा शिकत नाही. ते कमी लिहावयास शिकते. दहा ओळींऐवजी चार ओळी लिहिल्या म्हणजे वर्तुळेही कमी पडतात, हा हिशेब मुले फार लवकर करतात. पुढे पुढे ती ज्या शब्दाविषयी शंका असेल तो शब्दच गाळतात. मग त्यांच्या निबंधात बोडी येत नाही आणि वाळलेले धानही येत नाही; मार्गदर्शकातील 'माझा गाव निसर्गरम्य आहे' एवढे एक निर्दोष वाक्य येते.

दोष दाखविणे आणि शिकविणे यांचा संबंध कसा असावा ह्याचा एक उत्कृष्ट नमुना मराठी गद्याच्या अगदी आरंभी, आणि तोही विदर्भातच, सापडतो. श्रीचक्रधरांच्या पश्चात महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्या भोवती जमलेल्यांत संस्कृतचे मोठे पंडित होते. केशिराज त्यांपैकी एक. केशिराजांना आपला विषय संस्कृतात मांडावयाचा होता. त्या वेळी नागदेवांनी त्यांना थांबविल्याचा प्रसंग 'स्मृतिस्थळ' ह्या ग्रंथात नोंदविला आहे. थांबविताना दिलेले कारण लक्षात घेण्याजोगे आहे : संस्कृतात लिहिल्याने पंथातील म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. शेऱ्याचे गद्य म्हणून ह्या उत्तराकडे पाहावे. त्यात केशिराजांच्या विद्वत्तेवर शिंतोडा नाही. त्यांचे संस्कृत अशुद्ध आहे असेही म्हटलेले नाही. ते शुद्धच होते. आक्षेप केवळ कृतीवर आहे, आणि त्या कृतीचा परिणाम कोणावर होईल ते नाव घेऊन सांगितले आहे. त्या म्हाताऱ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या की पंडिताने पुढे काय करावे हे वेगळे सांगावे लागत नाही. दिशाही पाहण्यासारखी आहे. येथे गुरू शिष्याला वरच्या भाषेतून खालच्या भाषेकडे नेत आहे, आणि शाळेतील शिक्षक मुलाला उलट बाजूने नेत असतो. पण निकष एकच आहे. वाचणाऱ्याला कळेल का? 'वारले' लिहू नये ते एवढ्यासाठीच की अमरावतीच्या वा रत्नागिरीच्या वाचकाला मृत्यूची वार्ता ऐकल्याचा भास होईल.

ह्याच मंडळात अभिप्राय घेण्याचाही एक आदर्श आहे. 'लीळाचरित्रा'चे संकलक म्हाइंभट हे विद्येच्या अभिमानाने ताठ असलेले गृहस्थ होते, असे पंथाची परंपरा सांगते. वाद जिंकण्याच्या इच्छेनेच ते चक्रधरांकडे आले होते. त्याच म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले तेव्हा, जमविलेली प्रत्येक लीळा नागदेवाचार्यांसमोर ठेवून ती पारखून घेण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. मराठीतील आद्य गद्यग्रंथ हा अशा रीतीने तपासून घेतलेल्या लेखनाचा ग्रंथ आहे. ह्या गोष्टीचा अभिमान बाळगणाऱ्या भाषेत 'वही तपासणे' ह्या शब्दप्रयोगाला केवळ हजेरीइतकाच अर्थ उरावा, ही खेदाची गोष्ट होय.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून (1874 ते 1881) मराठी गद्याला जे तेज दिले त्याविषयी दुमत नाही. परंतु त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी व्याकरणाच्या आणि भाषेच्या दोषांवर जो उपहास केला, तो लाल शाईचा सर्वांत प्रभावी मराठी अवतार म्हणावा लागेल. फुले हे शास्त्रीबुवांचे शिष्य नव्हते आणि शास्त्रीबुवांना त्यांना शिकवावयाचे नव्हते. दोघे प्रौढ होते, प्रतिपक्षी होते. तेव्हा ही तुलना फार ताणणे उचित नव्हे. तथापि ह्या टीकेची एक बाजू शाळेशी निगडित आहे. भाषेच्या अशुद्धतेकडे बोट दाखविले की आशयाला उत्तर देण्याची जबाबदारी टळते, ही सोय त्या टीकेने पुढच्या पिढ्यांना करून दिली. 'गुलामगिरी' (1873) ह्या पुस्तकातील प्रश्न कठीण होते. त्यातील विभक्तिप्रत्यय सोपे होते.

फुल्यांनी अभिप्राय मागितले नाहीत असे नव्हे. त्यांनी ते दुसरीकडे मागितले. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक 1883 साली लिहिताना पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ते जमलेल्या लोकांना वाचून दाखविल्याची नोंद त्यांनी स्वतःच केली आहे. ज्याच्याविषयी पुस्तक लिहिले त्याच्या कानावरून ते आधी घालणे, हा तपासणीचा वेगळा आणि अवघड प्रकार आहे. त्याची चर्चा मराठी समीक्षेत व्हावी तितकी झालेली नाही.

शुद्धाशुद्धाच्या कल्पनेविषयी आणखी एक गोष्ट ओझरती सांगितली पाहिजे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम 1962 साली आले आणि 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यापूर्वी व्युत्पत्तीसाठी दिले जाणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार गाळले तर मुलाला लाल खूण मिळत असे. त्यानंतर तेच अनुस्वार दिले तर मिळू लागली. बापाच्या वहीत जे शुद्ध होते ते मुलाच्या वहीत अशुद्ध ठरले. नियम करू नयेत असा ह्याचा अर्थ नाही. परंतु जो संकेत एका बैठकीत बदलता येतो तो पाळण्यातील उणिवेला बुद्धीची किंवा संस्काराची उणीव समजण्याचे कारण राहत नाही.

आता शेऱ्याच्या परिणामाविषयी शास्त्र काय सांगते ते पाहू. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी 1988 साली पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बहुश्रुत आहे. काही मुलांना त्यांच्या कामावर केवळ शब्दांत अभिप्राय दिला, काहींना केवळ गुण दिले, आणि काहींना दोन्ही दिले. पुढील कामात प्रगती आणि गोडी दिसली ती पहिल्या गटात. ज्यांना गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळाले त्यांची स्थिती केवळ गुण मिळालेल्यांसारखीच राहिली; म्हणजे अंक दिसताच शब्द वाया गेले. क्लूगर आणि डेनिसी ह्या दोघा संशोधकांनी 1996 साली अशा अनेक प्रयोगांतील 607 निष्पत्ती एकत्र करून पाहिल्या. सरासरीने अभिप्रायाचा लाभ होतो हे खरे. पण एकतृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय दिल्याने काम आधीपेक्षा बिघडले होते. त्यांच्या मते अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' ह्या प्रश्नाकडे गेले की तो निष्फळ होतो. विशेष हे की निंदेप्रमाणेच स्तुतीनेही असे घडू शकते. 'हुशार आहेस' हा शेरा 'मठ्ठ आहेस' ह्या शेऱ्याइतकाच निरुपयोगी ठरावा, हे अनेक शिक्षकांना रुचणार नाही. परंतु नागदेवांचे उत्तर पुन्हा आठवावे. त्यात केशिराज कसे आहेत याविषयी एक अक्षर नव्हते.

महाराष्ट्र शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले, तेव्हा वरील विचाराला पहिल्यांदाच दफ्तरी मान्यता मिळाली असे म्हणता येईल. आकारिक आणि संकलित असे मूल्यमापनाचे दोन भाग झाले. मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये केलेला भेद त्यामागे आहे : घडत असताना करावयाची पारख वेगळी, घडून झाल्यावर करावयाची वेगळी. शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी अशी अपेक्षा ठेवली गेली, आणि तिच्यासाठी 'विशेष प्रगती', 'आवड व छंद', 'सुधारणा आवश्यक' असे रकाने आले. शेरा ह्या गद्यप्रकाराला मिळालेला हा राजाश्रयच होय. परंतु राजाश्रयाने वाङ्मयाचे जे पुष्कळदा होते तेच येथेही झाले. नमुन्याच्या नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, आणि त्यांतील वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत जाऊ लागली. 'स्पष्ट व शुद्ध उच्चार करतो.' 'परिसर स्वच्छ ठेवतो.' 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' ही वाक्ये कोणत्याही मुलाला लागू पडतात, म्हणून कोणत्याच मुलाविषयी नसतात. चांगल्या शेऱ्याची एक साधी कसोटी सांगता येईल : मुलाचे नाव झाकून तो शेजारच्या वहीत चिकटविला तर तेथे तो बसता कामा नये. 'बोडी आणि धान यांचा संबंध म्हणूनने जोडलास' हा शेरा शेजाऱ्याच्या वहीत बसत नाही.

पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा 2023 च्या निर्णयाने परतली आहे. तिच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे अप्रस्तुत आहे. अंक परत आले म्हणजे शब्दांना ऐकणारा कान अधिक दुर्मिळ होतो, एवढे बटलर यांच्या प्रयोगावरून म्हणता येते.

ह्या अपयशाचे खापर शिक्षकावर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, हे कायद्याचे प्रमाण आहे; म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. तीस वह्यांना प्रत्येकी तीन मिनिटे दिली तरी दीड तास लागतो, आणि तो एका विषयाच्या एका दिवसाच्या कामाला. ज्याच्याकडे दीड तास नाही तो वर्तुळे काढणारच. म्हणून सर्व चुका दाखविण्याचा आग्रह आधी सोडला पाहिजे. एका निबंधात एकच नियम घ्यावा. आज 'ण', पुढच्या महिन्यात 'ळ'. बाकीच्या चुका जाणूनबुजून तशाच ठेवाव्यात. अधिकाऱ्याच्या तपासणीत अशी वही 'न तपासलेली' ठरण्याची भीती आहे, आणि ती निराधार नाही. शेऱ्याविषयीची सुधारणा शिक्षकाच्या वहीवर अधिकारी जो शेरा मारतो तेथून सुरू झाली पाहिजे.

ह्याच मुलखात दोष दाखविण्याची एक जुनी आणि समर्थ रीत नांदते आहे. धानाची कापणी आटोपली, दिवाळी आली की गावोगाव मंडई भरते आणि दंडार उभी राहते. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा पसारा पुढे पुष्कळ वाढला, वडसा येथे नाटकमंडळींचे मोठे केंद्र झाले. तरी गावातील दंडारीचा पाया गावकऱ्यांची तालीम हाच राहिला. तालमीत ताल चुकला की तेथल्या तेथे थांबवितात. शिकविणारा ती ओळ म्हणून दाखवितो, चुकलेला ती पुन्हा म्हणतो, जमली की सगळे पुढे सरकतात. वहीतील शेऱ्यात उणीव आहे ती इथेच. शेरा दोन दिवसांनी येतो. तोवर धडा पुढे गेलेला असतो, आणि ते वाक्य पुन्हा लिहिण्याचा प्रसंग कधीच येत नाही. वर्ध्याला 1937 साली मांडल्या गेलेल्या नयी तालीममध्ये टकळीला जे स्थान होते त्याचेही एक मर्म हेच असावे : सूत तुटले की हाताला लगेच कळते, आणि जोडून पुन्हा कातावे लागते. कोणी शेरा मारण्याची वाट पाहावी लागत नाही.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या हा टीकेचाच दुसरा लोकप्रकार. त्यात महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वांची हजेरी घेतली जाते. झडती तिखट असते आणि गावाला ती आवडते. परंतु तिचा रोख मोठ्यांवर असतो, आणि तिच्यातून कोणी काही शिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. दंडारीची तालीम आणि पोळ्याची झडती हा भेद ज्या गावाला उपजत कळतो त्या गावच्या शाळेत तालमीच्या जागी झडती चालावी, हे विपरीत आहे.

बोलीतील शब्द शिक्षकाने स्वतः घेण्याचा प्रश्न अखेरीस उरतो, कारण अभिप्राय हा एकाच दिशेने वाहत राहिला तर तो हुकूम होतो. ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण सडक अर्जुनीपासून दूर नाही. मारुती चितमपल्ली (1932 ते 2025) हे वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला आले, तेव्हा त्यांच्याकडे वनविद्येचे रीतसर शिक्षण होते. तरीही तेथील जंगल, पाणी आणि पाखरे यांचे ज्ञान त्यांनी माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून आणि त्या परिसरातील लोकांकडून घेतले, आणि हे ऋण ते लेखनातून आयुष्यभर मान्य करीत राहिले. पाखरांची स्थानिक नावे त्यांनी अशुद्ध म्हणून खोडली नाहीत. ती 'पक्षिकोशा'त नोंदविली. अधिकारी शिकणारा झाला म्हणून मराठीची शब्दसंपदा वाढली. चौथीतल्या मुलाच्या वहीत 'बोडी' हा शब्द आला तेव्हा बाहेरगावाहून बदलून आलेल्या शिक्षकाला तो कदाचित प्रथमच भेटत असेल. अशा वेळी समासात 'बोडी म्हणजे काय? तलाव आणि बोडी यांत फरक कोणता?' असे विचारले, आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या, तर त्या दोन ओळींत मुलाला शिक्षकाच्या वाक्याला उत्तर लिहावे लागेल. ते उत्तर लिहिताना त्याला 'तळे' हा शब्द लागेल, 'पाणी' लागेल, आणि 'वाळले' हा शब्दही, बहुधा, पुन्हा लागेल.